उंद्री ते ल्हासा, मार्गे गोठणगाव

बुलढाणा जिल्ह्यात माणसांचे दोनच प्रकार आहेत, घाटावरचे आणि घाटाखालचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही मंडळी घाटाखालची. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर. सोयरीक जुळवताना मुलाचा पगार, मुलीचं शिक्षण, जमीन कोरडवाहू की ओलिताची, हे सगळं विचारून झालं की एखादी आजी कोपऱ्यातून विचारतेच, "घाटावरचे हायेत का खालचे?" घाटाखालच्यांचं म्हणणं, घाटावर पाणी नाही आणि माणसं तुसडी. घाटावरच्यांचं म्हणणं, घाटाखाली उन्हाळ्यात माणूस शिजतो, आणि शिजलेल्या माणसाच्या मताला किती किंमत द्यायची.

आमची उंद्री चिखली-खामगाव रस्त्यावर. तिला उदयनगर असंही म्हणतात, पण एसटीच्या कंडक्टरला उदयनगर सांगितलं तर तो "म्हणजे उंद्रीच ना?" असं विचारून खात्री करून घेतो. खामगावहून येताना घाट चढला की आमचा मुलूख सुरू होतो, त्यामुळे आम्ही स्वतःला डोंगरी माणसं समजतो. आता हा डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचं पठार, आणि आमच्या जिल्ह्याच्या गावाची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटर. एवढ्याशा भांडवलावर आम्ही खामगावच्या पाहुण्यांना पिढ्यान् पिढ्या "रात्री पांघरूण घ्या बरं, आमच्याकडे गारवा असते" असं बजावत आलो आहोत. तिबेटातलं ल्हासा ३,६५० मीटरवर आहे, असं गावातल्या मास्तरांनी पारावर सांगितलं तेव्हा आमचे तात्या जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे घाटावरचेच म्हना की."

पारावर तिबेटचा विषय निघाला तो स्वेटरवरून. दिवाळीचे फटाके संपले की विदर्भातल्या मोठ्या गावांत तिबेटी लोकांचे मांडव पडतात. बांबू, ताडपत्री, एका ओळीत दुकानं, प्रत्येक दुकानात गळ्यापर्यंत स्वेटर आणि त्यातून डोकं काढून बसलेली एक बाई. माल लुधियानाचा असतो, हे तिला माहीत असतं आणि आपल्यालाही. तरीही "हे हिमालयातलं लोकर दिसते" असं एकमेकांना सांगितल्याशिवाय कोणी स्वेटर घेत नाही.

तात्यांच्या घरून, म्हणजे आमच्या काकू, यांचा भाव करण्यात पंचक्रोशीत हात धरणारं कोणी नाही. आठवडी बाजारात त्या आल्या की कोथिंबीरवाली जुडी आधीच मोठी बांधते. त्या काकू अकोल्याला तिबेटी बाजारात गेल्या. पट्ट्यापट्ट्यांचं फडकं कमरेला बांधलेली एक बाई विणत बसली होती. काकूंनी मरून रंगाचा एक स्वेटर उचलला, उलटा केला, शिवण ओढून पाहिली, कॉलर हुंगला आणि सहाशेच्या चिठ्ठीकडे न बघता म्हणाल्या, "तीनशे."

"फिक्स रेट, माजी."

काकूंनी स्वेटर खाली ठेवला, चार पावलं गेल्या. हा डाव कधी फसत नाही. मागून हाक येतेच. त्या दिवशी आली नाही. काकू परत आल्या. "साडेतीनशे. घरात लगन हाय."

"फिक्स रेट." आवाजात राग नाही, कंटाळा नाही, विणकामाचा टाका चुकलेला नाही. वर एक गोड हसू. काकूंनी सोयाबीनचा पडलेला भाव सांगितला, तात्यांचा गुडघा सांगितला, दूरच्या जावेचं आजारपण सांगितलं. बाईने सगळं मन लावून ऐकलं, सहानुभूती दाखवली आणि सहाशे रुपये घेतले. परतीच्या एसटीत काकू खामगावपर्यंत बोलल्या नाहीत. घाट चढताना म्हणाल्या, "ह्या बाया राहतात कुठी, ते गाव मले पाहाचं हाय."

गावात सगळ्यांची समजूत अशी होती की ही मंडळी थंडीत हिमालयातून उतरतात आणि संक्रांत झाली की परत चढतात. मास्तरांनी ती मोडीत काढली. ते म्हणाले, यातले पुष्कळ जण गोंदिया जिल्ह्यातले आहेत. पारावर खसखस पिकली. गोंदिया म्हणजे धान, तलाव आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश. तिथे तिबेट? पण मास्तर इतिहासाचे. दलाई लामांनी १७ मार्च १९५९ च्या रात्री ल्हासा सोडलं, ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत आले, त्यांच्यामागून हजारो लोक आले. त्यांना राहायला जागा हवी होती. मग सरकारने ठिकठिकाणी जमिनी दिल्या: कर्नाटकात बायलाकुप्पे आणि मुंडगोड, आता छत्तीसगडात असलेलं मैनपाट, आणि १९७२ पासून तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यातलं अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गोठणगाव. वसाहतीचं नाव नोरग्येलिंग. जगाच्या छपरावरून उतरलेल्या माणसांना भाताच्या बांधीत बसवायची कल्पना ज्या साहेबाला सुचली, तो घाटाखालचा असणार यावर आमचं एकमत झालं.

जायचं ठरलं ते मे महिन्यात. शेतकरी माणूस मोकळा तेव्हाच असतो, आणि तिबेटी माणूस घरी सापडतो तोही तेव्हाच. हिवाळ्यात गेलं तर वसाहतीतली कर्ती माणसं स्वेटर घेऊन गावोगाव पांगलेली असतात. शेगावहून रेल्वेने नागपूर, पुढे साकोलीवरून एसटी. साकोली सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, तलाव, मधूनच जंगल. तात्या खिडकीला नाक लावून बसले होते. दर दहा मिनिटांनी विचारत होते, "डोंगर कुठी हाये?" कंडक्टरने शेवटी प्रतापगडची टेकडी दाखवली. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची मोठी जत्रा भरते, शेजारीच ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गा आहे, दोन्हीकडे गर्दी तीच. तात्यांनी टेकडीकडे पाहिलं. "आमच्याकडे यापेक्षा मोठा घाट हाये," एवढंच म्हणाले, पण समाधानाने.

वसाहतीत उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. कमानीवर तिबेटी अक्षरं. त्याखाली एक कुत्रं जीभ बाहेर काढून, चारही पाय चार दिशांना टाकून पडलेलं. गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, छपरापासून झाडापर्यंत पताकांच्या माळा: निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी. वाऱ्याने पताका हलली की तिच्यावर छापलेला मंत्र चौफेर पसरतो, अशी श्रद्धा. गोंदियाच्या मे महिन्यात वारा नावाची वस्तू नसते. पताका सरळ खाली लोंबत होत्या आणि मंत्र, माझ्या अंदाजाने, पावसाळ्याची वाट पाहत होते. आत एक तरुण भिक्षू तांबडं वस्त्र गुडघ्यापर्यंत गुंडाळून पंख्याखाली बसला होता. पंखा पाचावर होता. आम्हाला बघून त्याने आधी उजव्या बाजूला सरकून पंख्याखाली जागा केली, मग नमस्कार केला. ज्या धर्मात पाहुण्याला आधी पंखा मिळतो, तो धर्म वऱ्हाडी माणसाला लगेच पटतो.

हजारभर वस्तीचं हे गाव. पोरं शुद्ध झाडीपट्टीची मराठी बोलत होती आणि आपापसांत भांडताना तिबेटीवर जात होती. एका घराच्या ओसरीवर एक म्हातारे हातात मणिचक्र फिरवत बसले होते. त्यांनी बोलावलं. तात्यांनी पहिला प्रश्न केला, तो लामांबद्दल, निर्वाणाबद्दल किंवा चीनबद्दल नव्हता. "धानाले बोनस भेटला का यंदा?"

म्हाताऱ्यांचं चक्र थांबलं. मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. बोनस, युरिया, मजुरी, लोडशेडिंग. बी कुठलं पेरता, पंप किती हॉर्सपॉवरचा. म्हातारे म्हणाले, रानडुकरं बांधीत शिरतात आणि रात्रीत चिखल करून जातात. तात्या म्हणाले, आमच्या तुरीत रोही शिरतात, पाच-सहाचा कळप, दिवसाढवळ्या. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. मास्तर मधूनच "आपण ल्हासा पाहिलंय का?" असं विचारायचा प्रयत्न करत होते, पण डुकरांपुढे ल्हासाचं काही चाललं नाही. मास्तरांनी वही पुन्हा खिशात घातली.

चहा आला. मिक्सरचा आवाज आतून येत होता तेव्हाच मला शंका आली होती, कारण आपल्याकडे चहाला मिक्सर लागत नाही. तिबेटात लाकडी नळकांड्यात चहा, मीठ आणि लोणी घुसळतात. गोंदियात नळकांड्याचं काम मिक्सर करतो आणि याकचं लोणी नसल्यामुळे डेअरीचं चालतं. वर पिवळसर तवंग. आमच्या भागात चहात साखर कमी पडली तर घरधन्याची परिस्थिती बरी नाही असं समजून पाहुणा दोन घोटांत उठतो. तात्यांनी एक घोट घेतला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग माझ्या कानाशी लागले, "मीठ सांडलं वाटते चुलीपाशी. सांगू नोको, म्हातारीले वाईट वाटन." तिबेटी घरात कप रिकामा ठेवायचा नसतो, एक घोट घेतला की यजमान भरतात. हे मास्तरांना माहीत होतं, पण त्यांनी ते बाहेर आल्यावर सांगितलं. तोवर तात्यांनी तो कप संपवायचा चिवट प्रयत्न केला होता आणि यजमानीणबाईंनी तितक्याच चिवटपणे तो भरला होता.

काकूंचं मात्र जमलं. यजमानीणबाईंनी भाजलेल्या जवाचं पीठ काढलं, त्यात तोच चहा ओतला आणि बोटांनी कालवून मुटका वळला. काकूंनी तो बघितला आणि पदर खोचला. "हे तं सातू हाय!" आणि शेजारी बसून स्वतः वळायला लागल्या. आमच्याकडे सातूत गूळ आणि दूध, त्यांच्याकडे मीठ आणि लोणी. हजारभर मैलांचं अंतर आणि हिमालयाची भिंत बाकी सगळं अडवू शकली, सातूला अडवू शकली नाही. थोड्या वेळाने दोघी एकमेकींचे शब्द न कळता सुनांविषयी बोलत होत्या असा माझा समज आहे, कारण त्या विषयाला शब्द फार लागत नाहीत. निघताना काकूंनी स्वेटरचा विषय काढला. अकोल्याची ती बाई इथली नव्हती, पण यजमानीणबाईंनी हसत हसत धोरण समजावलं: एकाला कमी केलं तर दुसऱ्याला काय सांगणार? काकूंनी हे मनावर घेतलं नाही. त्या अजून सगळ्यांना वेगवेगळा भाव करतात.

गोम्पा पाहिला. काकूंनी पहिल्याप्रथम फरशीवर हात फिरवून बोटं पाहिली. शेगावला जाऊन-येऊन असणाऱ्या माणसाची ही खोड आहे. गजानन महाराज संस्थानात सेवाधारी "माऊली, पुढे चला" म्हणत हात जोडतात आणि कागदाचा कपटा जमिनीवर टेकायच्या आत उचलतात. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातला माणूस तिरुपतीला गेला काय आणि काशीला गेला काय, देव बघायच्या आधी फरशी बघतो. नोरग्येलिंगला काकूंनी पास केलं. फक्त "चपला ठेवाले टोकन नाही" असा शेरा मारला.

तर असं तिबेट पाहून झालं. गोम्पा झाला, लामा झाले, चहा झाला, सातू झाला. राहिला डोंगर. गावात लोक विचारायला लागले, "बर्फ होता का?" आणि आम्ही "पंखा होता" असं सांगायला लागलो, तेव्हा हे पुरं पडणार नाही हे लक्षात आलं. मग आणखी पैसे साठवून एका यात्रा कंपनीबरोबर धरमशाला गाठायचं ठरलं. भुसावळहून झेलम एक्स्प्रेस, पठाणकोट कँटला उतरायचं आणि पुढे बस.

मराठी यात्रा कंपनीबरोबर हिमालयात जाणं म्हणजे हिमालयाला आपल्या वेळापत्रकात बसवणं. सहाला चहा, सातला नाश्ता, आठला गाडीत, साडेआठला निसर्ग. निसर्ग साडेनऊपर्यंत संपवायचा, कारण दहाला "मोनेस्ट्री पॉइंट". सोबत आचारी, आचाऱ्याबरोबर गॅस, गॅसबरोबर वरण-भात, भाकरीचं पीठ आणि ठेच्याच्या बरण्या. कांगड्याच्या खोऱ्यात बस चढत होती, देवदारांची दाटी सुरू झाली होती, खाली दरीत घरांची पाटीच्या दगडाची छपरं चमकत होती आणि आत चर्चा चालली होती ती रात्रीच्या पिठल्यात लसूण घातला होता की नाही याची. तरी मला आचाऱ्याबद्दल आदर आहे. परमुलखात माणसाचं पोट शांत असेल तरच त्याला सौंदर्य दिसतं. वऱ्हाडी माणसाचं पोट शांत राहायला मिरची लागते, हा आमचा दोष नाही.

मॅक्लोडगंज म्हणजे धरमशालेच्या वर, दोन हजार मीटरच्या आसपास. इंग्रजांनी वसवलेली छावणी. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपाने तिची वाताहत झाली आणि मग गाव पेंगत पडलं. तिथे १८६० पासून दुकान चालवणारं नौरोजी नावाचं एक पारशी घराणं होतं. दलाई लामांना कुठे ठेवायचं असा सरकारला प्रश्न पडला, तेव्हा इथे ओस पडलेले बंगले आहेत हे दिल्लीच्या कानावर घालणारे या घराण्यातले नौझर नौरोजी. १९६० मध्ये दलाई लामा आले आणि गावाचं नशीब फिरलं. गिऱ्हाईक आणावं तर असं. आमच्या बाजारपेठेतले व्यापारी पाटीवर "एकदा अवश्य भेट द्या" लिहितात आणि टेबलावर डोकं ठेवून झोपतात.

बसमधून उतरलो तर धुकं. डोंगर कुठे आहे असं तात्यांनी विचारायच्या आतच गाइडने हात वर केला आणि धुक्याकडे बोट दाखवून "सामने धौलाधार" म्हणाला. आम्ही सगळ्यांनी धुक्याचे फोटो काढले. तात्या खवळले. दोन दिवस रेल्वेत हाडं खिळखिळी करून डोंगराच्या जागेवर पांढरा पडदा पाहायला आलो का? दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं, गॅलरीत नेलं. पडदा उठला होता. समोर, अगदी अंगावर यावी इतक्या जवळ, बर्फाची उभी भिंत, आणि तिच्या वरच्या काठावर नुकतं ऊन लागलं होतं. डोंगर बघायला मान वर करावी लागते हे घाटावरच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, कारण आमचा डोंगर आम्ही कायम वरूनच बघत आलो. तात्या मफलर सोडून उभे होते. बराच वेळ झाला तेव्हा मीच म्हटलं, "काय तात्या?"

"बम्म हाय," ते म्हणाले. आणि मग न राहवून, "पन याच्यावर पेरनी काय होते?"

दलाई लामांच्या निवासासमोरच्या मंदिराला त्सुगलाखांग म्हणतात. भोवती मणिचक्रांची रांग, पितळी, पोरांच्या उंचीची. ती उजवीकडे ठेवून चालायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. काकूंनी एकही चक्र सोडलं नाही. एका परदेशी बाईने मधली दोन वगळली तर तिला हाताला धरून मागे आणलं आणि फिरवायला लावली. ती बाई बिचारी "थँक यू" म्हणाली. तिला वाटलं असावं की हा इथल्या साधनेचा भाग आहे.

आत तीन मूर्ती: शाक्यमुनी बुद्ध, पद्मसंभव आणि अवलोकितेश्वर. पुढे पाण्याच्या वाट्या ओळीने मांडलेल्या, आणि नैवेद्य! बिस्किटांच्या पुड्यांचे मनोरे, चॉकलेटचे डबे, मधाच्या बाटल्या, फळांच्या रसाचे खोके. काकू बराच वेळ बघत राहिल्या. शेगावच्या पिठलं-भाकरीवर वाढलेल्या बाईला देवासमोर क्रीमचं बिस्किट बघून काय वाटलं असेल हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "सोपं हाये. सोवळं नाही, धूर नाही, पुडा फोडाचा नाही." दिव्यांच्या खोलीत डालडाचे डबे रचलेले दिसले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. याकच्या लोण्याचे दिवे हे तिबेटातलं, इथे वनस्पती तुपावर भागवतात. "देवाले डालडा," त्या पुटपुटल्या, आणि पुढे दिवाळीच्या करंज्या कशात तळतात ते आठवून गप्प झाल्या.

मास्तर तिसऱ्या मूर्तीपाशी थांबले होते. हजार हातांचा, अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर. "ओम मणि पद्मे हुम" हा मंत्र याचाच, दलाई लामा म्हणजे याचाच अवतार असं तिबेटी मानतात. आणि अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेऊन जो पद्मपाणी उभा आहे, तो हाच. मास्तरांनी हे हळू आवाजात सांगितलं, पण आमच्या मंडळींत हळू आवाज राहत नाही. दोन मिनिटांत बसभर झालं की हा देव आपल्याकडचा आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी अजिंठा पाहिलेला नव्हता. जवळ आहे, कधीही जाऊ, असं म्हणत आयुष्य गेलं होतं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. तात्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, "अजिंठा घाटावर का खाली?"

प्रश्न अवघड होता. अजिंठा गाव वर, फर्दापूर खाली आणि लेणी मधल्या कड्यात. मास्तर म्हणाले, "अधलीमधली."

"म्हंजे वरचीच," तात्यांनी निकाल दिला, आणि जाऊन नमस्कार केला, या वेळी जरा हक्काने.

दुपारी अंगणात भिक्षूंचा वादविवाद चालतो तो पाहिला. एक जण खाली मांडी घालून बसतो, दुसरा उभा. उभा असलेला प्रश्न टाकतो, टाकताना पाय आपटतो आणि टाळी वाजवून हात बसलेल्याच्या नाकासमोर नेतो. बसलेला शांतपणे उत्तर देतो. एकाच वेळी वीस-पंचवीस जोड्या, नुसता टाळ्यांचा आणि ओरडण्याचा गलका. विषय, गाइड म्हणाला, अनित्यता आणि अनुमान यांचा. नालंदेच्या आचार्यांचं तर्कशास्त्र इथल्या पोरांना आजही पाठ करावं लागतं. ज्या विहारांत कधीकाळी अशीच भिक्षूंची वस्ती होती, ते अजिंठ्याचे विहार आज वटवाघळांच्या ताब्यात आहेत आणि परीक्षा हिमाचलात चालली आहे. आमच्या मंडळींनी अर्थातच बाजू घेतल्या. तात्यांनी एका ठेंगण्या बसलेल्या भिक्षूला धरलं. "पोरगं लय शांत हाय, हेच जिंकते." समोरचा लांबुटका फारच पाय आपटत होता. शेवटी लांबुटक्यानेच हसून हात खाली केला, दोघे उठले आणि एकाच बाटलीतून पाणी प्यायले. तात्यांना हे फार खटकलं. त्यांच्या मते इतकं भांडण झाल्यावर निदान चार दिवस तरी अबोला पाहिजे, नाहीतर भांडणाला अर्थ काय.

बाजारात गेलो. खरं तर मला बाजाराचं वर्णन करायचं नव्हतं, पण तिथे एक गोष्ट घडली. काकूंनी शाल निवडली, भाव विचारला, अर्धा केला. दुकानदारीण हसली. "फिक्स रेट." काकूंचे डोळे चमकले. "अकोल्यात पन असंच म्हनते तुमची बहीन." अकोला ऐकताच ती बाई उठून उभी राहिली. तिची चुलती दर हिवाळ्यात अकोल्याला दुकान लावायची म्हणे, लहानपणी ही पण यायची, आणि तिला तिथल्या संत्र्यांची अजून आठवण होती. काकूंनी बसकण मारली. शाल ठरल्या भावालाच मिळाली, पण वर एक पताकांची माळ फुकट. काकूंनी ती डोक्यावर धरून बसमध्ये सगळ्यांना दाखवली. फिक्स रेटमधून पहिल्यांदा काहीतरी सुटलं होतं.

आता राहिलं खरं ल्हासा. आमच्या चिखली भागातले एक गृहस्थ मागे कैलास-मानसरोवर करून आले. लिपुलेखची खिंड ओलांडून तकलाकोट, तिथून मानसरोवर, मग दारचेनहून कैलासाची परिक्रमा. डोल्मा ला ही खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर. परत आल्यावर ते इतके मानाचे झाले की लग्नात पंगतीत त्यांच्या पानावर पहिली पोळी पडते. त्यांचं सांगणं ऐकायला आम्ही मुद्दाम गेलो. तिबेटातलं आभाळ कसं होतं, गोम्पे कसे होते, असं काही कळेल म्हणून. त्यांनी अडीच तास स्वच्छतागृहांविषयी सांगितलं. माणूस कितीही उंचावर गेला तरी काही विषय त्याच्याबरोबर चढतात.

ल्हासाला आता रेल्वे जाते. २००६ मध्ये सुरू झाली, तांगुला खिंडीत पाच हजार मीटरच्या वर चढते, आणि डब्यात ऑक्सिजनची सोय असते. मास्तरांनी ही माहिती पारावर वाचून दाखवली. ऑक्सिजनवर कोणी हरकत घेतली नाही. अडलं ते परवान्यावर. चीनचा व्हिसा वेगळा, तिबेटात शिरायचा परवाना वेगळा, आणि सोबत गाइड असल्याशिवाय एकट्याने हिंडायचं नाही. सातबाऱ्यावर वारसाची नोंद चढवायला ज्यांच्या चपला झिजल्या, त्या मंडळींनी बीजिंगचे कागद ऐकून तोंडं फिरवली. "आन् तिथं लामा राहिले का?" तात्यांनी नेमका प्रश्न विचारला. पोताला राजवाडा आहे, हजाराच्या वर खोल्या आहेत, ज्यांच्यासाठी बांधला ते धरमशालेत आहेत. ल्हासाजवळचे सेरा, द्रेपुंग आणि गांदेन हे मोठे मठ परंपरेने पाहिले तर कर्नाटकात आहेत, सेरा बायलाकुप्प्याला, बाकीचे दोन मुंडगोडला. हुबळीपर्यंत रेल्वे आणि पुढे कर्नाटकची एसटी. यात्रा कंपनीवाल्याने हे ऐकलं आणि लगेच "दक्षिण तिबेट, वरण-भातासह" असा बेत काढायला घेतला.

राहता राहिली ती पताकांची माळ. काकूंनी ती महिनाभर देवघरात ठेवली. गावातल्या बुद्धविहारात मास्तरांची ऊठबस. त्यांनी सांगितलं की ती वाऱ्यावर, उंच जागी बांधायची असते, बंद खोलीत तिचा उपयोग नाही. उंच आणि वाऱ्याची जागा म्हणजे तात्यांचं माळावरचं शेत. तात्यांना गोठणगावच्या म्हाताऱ्यांची डुकरं आठवली असणार. आमच्याकडे रोह्यांना अडवायला तुरीच्या कडेने जुनी लुगडी बांधतात. चिखली ते खामगाव प्रत्येक शेत रंगीबेरंगी दिसतं. तात्यांनी धुऱ्यावरच्या बाभळीपासून विहिरीच्या खांबापर्यंत माळ ताणली. मास्तर म्हणाले, ही गोष्ट जनावरं हाकलायची नाही, सर्व प्राणिमात्रांचं भलं व्हावं म्हणून आहे. तात्या म्हणाले, रोही प्राण्यातच येते, त्याचं भलं तूर न खाण्यात हाय.

सकाळी जाऊन पाहिलं तर तुरीचा एक कोपरा सफाचट. पताकांखालूनच कळप गेला होता. वाकून गेला असावा, कारण माळ शाबूत होती. शेजारचा वावरवाला बांधावर येऊन उभा राहिला, बराच वेळ त्या पाच रंगांकडे बघत राहिला.

"तात्या, हे केवढ्याले भेटलं?"

"फुकट. हिमाचलातून आनलं."

"त्याच्यापायी तिकडं गेलते? लुगडं पन फुकटच भेटते ना बॉ."